कणीस नऊ इंचाचं, पण एकरी किती?

भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकरी ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी लिहिलं आहे. गेल्या खरिपात त्यांच्या घरी तीन एकर मका होता, एकेका एकरावर एकेक संकरित वाण. विहिरीजवळच्या वावरात सासऱ्यांच्या पसंतीचं उंच वाण. मधल्या वावरात धाकट्या दिरांनी शिवारफेरीत बघून आणलेलं लांब कणसाचं वाण. तिथं उगवण विरळ झाली होती. वरच्या मुरमाड तुकड्यात ताईंनी स्वतः निवडलेलं ठेंगणं, लवकर येणारं वाण. मोंढ्यावर उंच वाण २४ क्विंटल भरलं, लांब कणसाचं २१ आणि ठेंगणं २२. कापूस वेचणीच्या मजुरीला पैसे हवे होते, म्हणून उंच वाण काढल्या काढल्या विकलं. ठेंगणं मात्र तीन आठवडे खळ्यावर वाळलं. पावत्यांवर ओलावा लिहिलेला आहे: उंच २२ टक्के, लांब कणसाचं १८, ठेंगणं १३.

सासरे म्हणतात, आकडा समोर आहे, यंदा तिन्ही एकर उंचच पेरायचं. शिवाय दोन बैल आणि दोन म्हशींना वैरण लागते. दीर म्हणतात, एवढं कणीस दुसऱ्या कुठल्या वाणाला लागतं का? त्यातलं नऊ इंचाचं एक कणीस त्यांनी बियाण्यासाठी ओसरीच्या आढ्याला टांगून ठेवलं आहे, आणि येणारा-जाणारा ते बघून जातो. ताईंची वही सांगते की ठेंगणं वाणच सरस आहे, पण वही कुणी उघडत नाही. त्या विचारतात, "माझं बरोबर असेल, तर घरात पटवून कसं देऊ?"

ताई,

पावत्या जपून ठेवल्यात आणि त्यांवरचा ओलावा वहीत उतरवून घेतलात, हे फार बरं केलंत. मका विकून आल्यावर पावती खिशात चुरगळते आणि मागे फक्त "चोवीस झाला" एवढंच उरतं. तुमच्याकडे ओलावा आहे, म्हणून तुम्हाला उत्तर देता येतं.

आधी तोच हिशोब करू. चोवीस क्विंटलात २२ टक्के पाणी होतं, म्हणजे कोरडा भाग शंभरातला ७८. सगळ्या वाणांना एकाच मापात आणायचं तर १४ टक्के ओलावा धरायचा, म्हणजे कोरडा भाग ८६. वजनाला ७८ ने गुणा, ८६ ने भागा. उंच वाणाचे २४ क्विंटल होतात २१.८. लांब कणसाच्या वाणाचे २१ होतात २०. तुमच्या ठेंगण्या वाणात पाणी मुळातच कमी होतं, त्यामुळे त्याचे २२ होतात सव्वाबावीस. पहिला नंबर बदलला. मामंजी ज्या आकड्याकडे बोट दाखवतात त्यात दोन-सव्वादोन क्विंटल जास्तीचं पाणी होतं.

इथं तुम्हाला आनंद झाला असेल. पण वही पुढे करायच्या आधी जरा थांबा, कारण याच वहीत मला तुमच्याही विरोधातली एक गोष्ट दिसते.

उंच वाण विहिरीजवळ होतं आणि ठेंगणं मुरमाड तुकड्यावर. तुम्ही म्हणाल, मग तर माझ्या वाणाचं जास्तच कौतुक, हलक्या रानात असूनही पुढे गेलं! असेलही. पण असंही असेल की गेल्या वर्षी पाऊस लागून राहिला, विहिरीजवळची भारी जमीन चिबडली आणि मुरमाडातलं पाणी निथरून गेलं. लहान असताना मक्याच्या मुळाशी पाणी साचलं तर तो पिवळा पडतो आणि नंतर त्यातून नीट सावरत नाही. तसं झालं असेल तर तो सव्वाबावीसचा आकडा वाणाचा नाही, मुरमाचा आहे. दोन वावरं वेगळी, दोन वाणं वेगळी. फरक कुणाचा हे पावती सांगू शकत नाही. आणि फरक आहे तरी केवढा? अर्धा क्विंटल. एकाच वाणाच्या एकाच एकरात बांधाकडची आणि मधली बाजू वेगळी मोजली तरी एवढा फरक निघतो.

म्हणून "माझं बरोबर असेल तर" या तुमच्या शब्दांवर मी आधी बोट ठेवते. मामंजींचा चोवीसाचा आकडा फसवा आहे हे तुमच्या वहीतून सिद्ध होतं. तुमचं बरोबर आहे हे अजून होत नाही.

आता आढ्याला टांगलेल्या त्या कणसाकडे येते. या सगळ्या पत्रात मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं.

भाऊजींनी मोठं कणीस निवडून ठेवलं, यात हसण्यासारखं काही नाही. मेक्सिकोत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून मका घडला. त्याच्या कणसाला कठीण कवचातले जेमतेम डझनभर दाणे असायचे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्यातलं बरं ते बियाण्याला ठेवलं, तेव्हा कुठे आजचं कणीस झालं. तो हात आणि भाऊजींचा हात एकच आहे. फक्त आज हातात आहे ते संकरित वाण. दोन वेगळे जनक मुद्दाम जुळवून त्याची पहिली पिढी तयार केलेली असते, म्हणून तुमच्या वावरात सगळी ताटं एका उंचीची दिसली. त्याचं बी धरून पेरलं की ती जुळणी फुटते: एक ताट उंच, एक ठेंगणं, तुरे पुढे-मागे, कणसं लहान-मोठी, आणि उतारा खाली. तेव्हा ते कणीस बियाण्याला वापरू नका. पण उतरवूही नका, त्याचं काम पुढे सांगते.

ते कणीस नऊ इंचाचं का झालं असेल? मधल्या वावरात उगवण विरळ होती असं तुम्हीच लिहिलंत. मक्याला गव्हासारखे फुटवे येत नाहीत, शेजारचं ताट मेलं तर ती जागा भरून निघत नाही. पण उरलेल्या ताटाला ऊन, पाणी आणि खत दुप्पट मिळतं, आणि ते आपल्या एकुलत्या एका कणसात सगळं ओततं. त्यामुळे विरळ वावरात दांडगी कणसं दिसतात आणि एकरी पोती कमी भरतात. म्हणजे त्या वाणाचा अपुरा उतारा आणि त्याचं दांडगं कणीस, दोन्हींच्या मागे बहुधा एकच कारण आहे. भाऊजी त्या वाणाला उगाच चढवतात, आणि तुम्ही त्याला उगाच उतरवता.

समजा, तुमच्या मधल्या एकरात काढणीला १५,००० कणसं होती. कणसावर १४ ओळी, ओळीत ३६ दाणे, म्हणजे ५०४ दाणे. शंभर दाण्यांचं वजन २७ ग्रॅम धरलं तर एका कणसाचे दाणे झाले १३६ ग्रॅम, आणि एकरी २०.४ क्विंटल. ठेंगण्या वाणाच्या एकरात २१,००० कणसं. ओळी तितक्याच १४, पण ओळीत ३० दाणे, शंभर दाण्यांना २५ ग्रॅम. कणसाला फक्त १०५ ग्रॅम. तरी एकरी २२ क्विंटल! शेजारी शेजारी ठेवली तर पहिलं कणीस बघणारा दुसऱ्याकडे ढुंकून बघणार नाही. पण कणीस आपण एकेक बघतो आणि मोंढ्यावर एकराचं वजन होतं.

दोन फूट बाय नऊ इंचावर टोकण केली तर एकरात सुमारे २९,००० ताटं बसतात, अडीच फूट बाय नऊ इंचावर २३,००० च्या थोडी वर. ठेंगणं, लवकर येणारं वाण दाटी सोसतं. उंच, पसरट पानांच्या वाणाची ताटं दाटीत एकमेकांवर सावली पाडतात, म्हणून त्याला अंतर जास्त द्यायचं. तिन्ही वाणं एकाच अंतरावर टोकणार असाल तर त्यातल्या एकावर तरी अन्याय होणार. बियाण्याच्या पिशवीवर जे अंतर छापलेलं असतं ते त्या-त्या वाणाला द्या.

कणीस बघायचंच असेल तर त्याची लांबी सोडून बाकी बरंच बघण्यासारखं असतं. ओळी मोजा. बारा, चौदा, सोळा; संख्या नेहमी समच येईल, कारण मक्याची फुलं जोडीजोडीनं लागतात. घरात पोरं असतील तर त्यांना मोजायला द्या, विषम संख्या सापडते का म्हणून ती अख्खा ढीग मोजून काढतील. ओळी किती हे पीक गुडघाभर असतानाच ठरून जातं आणि ते बरंचसं वाणाच्या रक्तात असतं. ओळ किती लांब हे त्यानंतर, केस बाहेर यायच्या आधीच्या आठवड्यांत ठरतं. त्यातले किती दाणे खरोखर भरतात हे परागीभवनावर आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांवर, आणि दाण्याचं वजन सगळ्यात शेवटी. म्हणून ओळी कमी दिसल्या तर जुलै आठवा, शेंडा रिकामा असेल तर ऑगस्ट, आणि दाणा भरलेला पण हलका असेल तर सप्टेंबरात पाणी, खत किंवा पानं कुठेतरी कमी पडली असं समजा. शेंड्याकडचा एखादा इंच रिकामा असला तर घाबरू नका. शेवटच्या टोकापर्यंत गच्च भरलेली कणसं सगळीकडे दिसली, तर उलट ताटं कमी होती का असा प्रश्न मी विचारेन.

ऑगस्ट म्हटलं की आपल्याकडे पावसाचा खंड आलाच. मराठवाड्यात मक्याची वाणं तोलताना मी सगळ्यात जास्त वजन याच एका गोष्टीला देते, आणि शिवारफेरीत ती दिसतच नाही. कणसावरचा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यावरचा पराग त्या केसावर पडला तर तो दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे शेवटी. पाण्याचा ताण पडला की तुरा आपल्या वेळेला पराग सांडून मोकळा होतो, पण केस अडकून राहतात. ते बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असतो. जे वाण ताणातही तुरा आणि केस यांच्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देत नाही, ते आपल्या कोरडवाहू रानातलं वाण.

हे मोजायला काही लागत नाही. प्रत्येक वाणाच्या वीस ताटांना सुतळी बांधा. निम्म्या ताटांचा तुरा पराग झाडायला लागला ती तारीख लिहा, निम्म्यांना केस दिसले ती तारीख लिहा. सकाळी दव उडाल्यावर गेलात तर तुऱ्याला टिचकी मारून पराग उडताना दिसतो. पुढे चार-पाच दिवसांनी एखादं कणीस जपून सोला आणि उलटं धरून हलकेच झटका. ज्या दाण्यांचं फलन झालं त्यांचे केस गळून पडतात, उरलेले चिकटून राहतात. त्या वाणाचं निम्मं भविष्य तिथंच हातात दिसतं.

पण यातही एका वर्षावर भरवसा ठेवू नका. जूनच्या शेवटी पेरलेलं लवकरचं वाण पन्नास दिवसांच्या आसपास तुऱ्यावर येतं, उशिराचं साठीला टेकल्यावर. खंड ज्या आठवड्यात पडला त्या आठवड्यात जे वाण तुऱ्यावर असेल ते मार खातं आणि दुसरं सुटतं. पुढल्या वर्षी खंड दहा दिवस पुढे सरकला की निकाल उलटा लागतो. गेल्या खरिपात तुमचं ठेंगणं वाण सुटलं असेल, त्यात वाणाचा गुण किती आणि तारखेचा किती, हे दोन-तीन खरीप पाहिल्याशिवाय कळत नाही.

उंचीबद्दल थोडं. ताट उंच आहे म्हणून दाणा जास्त, असं नसतं. कणीस ताटाच्या किती उंचीवर लागलंय ते बघा. साधारण अर्ध्यावर असेल तर ताट तोल सांभाळतं. फार वर, खांद्याशी लागलेलं असेल तर सप्टेंबरातल्या वादळी पावसात ताट आडवं होतं, आणि आडव्या मक्याची काढणी म्हणजे दुप्पट मजुरी. पडलेली आणि मधेच मोडलेली ताटं वेगवेगळी मोजा, कारण पडणं हा मुळाचा दोष आणि मोडणं हा देठाचा.

परतीच्या पावसानं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यासाठी कणसावरची सालं बघा. शेंडा पूर्ण झाकून वर बोटभर निमुळती झालेली सालं असतील तर पाणीही शिरत नाही आणि राघूही. पक्व झाल्यावर कणीस खाली झुकणारं असेल तर आणखी चांगलं, पाणी निथळून जातं. उभं राहणारं, तोंड उघडं असलेलं कणीस पावसात भांड्यासारखं भरतं. मग दाण्याला तिथंच कोंब येतात, बुरशी येते आणि मोंढ्यावर दर पडतो. कोंबडीखाद्याचे खरेदीदार बुरशीला फार घाबरतात, कारण त्यातल्या विषानं कोंबड्या दगावतात. नऊ इंचाच्या त्या कणसाचा शेंडा झाकलेला होता का, हे भाऊजींना एकदा विचारा.

अमेरिकन लष्करी अळीबद्दल एकच सांगते. २०१८ साली आपल्या देशात ती पहिल्यांदा कर्नाटकात सापडली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तेव्हापासून "या वाणावर अळी येतच नाही" असं सांगून बियाणं विकणारे भेटतात. मक्याच्या बीटी वाणाला आपल्या देशात लागवडीची परवानगी नाही, आणि अळी अजिबात न येणारं संकरित वाण बाजारात नाही. उशिरा पेरलेल्या मक्यात अळी जास्त येते, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या वाणांची पोंग्यातल्या, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीतल्या, अळीवरून तुलना करू नका.

आता मामंजींच्या वैरणीकडे. ताई, इथं तुमची वही मला अपुरी वाटली. तुम्ही फक्त दाणा मोजला. ज्या घरात चार जनावरं दावणीला आहेत तिथं मक्याचं ताट हे उत्पन्नच आहे, आणि मामंजी ते मोजतात, लिहीत नाहीत एवढंच. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता. त्या हिशोबानंही तुमच्या दोन वाणांतला अर्ध्या क्विंटलचा फरक १,२०० रुपयांचा. उंच वाणाची वैरण एकरी जास्त निघाली असेल तर तिला गावातला भाव लावून बघा. बाजी कदाचित मामंजींकडे जाईल. यंदा प्रत्येक वाणाची दहा ताटं कणीस काढल्यावर वाळवून तोला. कणीस वाळल्यावरही कोणत्या वाणाची पानं हिरवी राहतात ते बघा, ती वैरण जनावर आवडीनं खातं.

दुसरी एक वाट मला जास्त पटते. वैरणीसाठी आठ-दहा गुंठे वेगळे काढा आणि तिथं आफ्रिकन टॉल लावा. ते वैरणीचंच वाण आहे, दाणा दुधात असताना हिरवं कापायचं, हवं तर मुरघास करायचा, म्हणजे हवाबंद दाबून मुरवायचं. ते संकरित नाही, त्यामुळे दुसऱ्या मक्यापासून लांब ठेवून बी धरलं तर घरचं बियाणंही होतं. मग दाण्याचा मका निवडताना उंचीचा आग्रह आपोआप कमी होतो. मामंजींची गरज खरी आहे. ती भागली की वाणावरून होणारा निम्मा वाद मिटेल असं मला वाटतं.

राहिलं ते तुलनेचं. यंदा एक वावर, शक्यतो मधलं, तुलनेला द्या. उताराला आडवे सारखे पट्टे पाडा, प्रत्येक पट्टा सहा तासांचा, म्हणजे पिकाच्या सहा ओळींचा. तिन्ही वाणं एकेका पट्ट्यात, आणि मग तेच तिघं पुन्हा, आणि पुन्हा. म्हणजे नऊ पट्टे. प्रत्येक वेळी क्रम बदला, नाही तर एकच वाण दर वेळी बांधाला येईल. पेरणी एकाच दिवशी, खत सारखं, पाणी द्याल तर सगळ्यांना. एका जागी दोन दाणे टोका आणि उगवल्यावर एक ठेवा, म्हणजे गेल्या वर्षीसारखी विरळ उगवण निकाल खराब करणार नाही. नऊ पट्टे ऐकून दडपण येईल, पण एकदा दोरी आखून घेतली की टोकणाऱ्या बायकांना त्याचं काहीच वाटत नाही. पिशव्यांवरचे टॅग आणि बिलं जपून ठेवा.

काढणीला प्रत्येक पट्ट्याचे फक्त मधले दोन तास घ्यायचे. कडेच्या तासाला जास्त ऊन मिळतं, आणि शेजारी वेगळ्या उंचीचं वाण असेल तर सावलीही पडते. दोन फुटांवर तास असतील तर त्या दोन तासांची साडेचोपन्न फूट लांबी मोजा. ती होते एकराचा दोनशेवा भाग. अडीच फुटांवर असतील तर साडेत्रेचाळीस फूट. तेवढ्यातली सगळी कणसं काढा, लहान, वाकडी, किडकी, सगळी. आधी ताटं मोजा, मग कणसं मोजा. कणीस न लागलेलं ताटही मोजणीत धरा. मग दाणे काढा, वाळवा आणि तोला. जितके किलो भरतील त्याची दुप्पट म्हणजे एकरी क्विंटल. अकरा किलो भरले तर बावीस. ओलावा मोंढ्यावरच्या यंत्रात बघून घ्या आणि वरच्यासारखा १४ टक्क्यांवर आणा.

दाणे काढण्याआधी कणसांचंही वजन घेऊन ठेवा. पाच किलो वाळलेल्या कणसांत चार किलोच्या आसपास दाणा निघायला हवा. काही वाणांची कणसं जाडजूड दिसतात, पण आतला गाभाच जाड असतो. हातात घेऊन ते कळत नाही, काट्यावर कळतं.

कणसांची लांबी, ओळी, दाणे मोजायचे असतील तर सलग दहा ताटांची मोजा, निवडून नाही. मी वाणांच्या चाचणीच्या प्लॉटवर काम करायला लागले त्या वर्षी नमुना म्हणून दहा कणसं आणायला सांगितली होती, आणि मी वावरभर फिरून दहा देखणी कणसं आणली. माझ्या आकड्यांवरून जे वाण पहिलं आलं ते वजनात तिसरं निघालं. आमच्या प्लॉटवरच्या जुन्या मजूर मावशींनी मला तासाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "इथून मोज, आणि हात मागं घेऊ नको." तेव्हापासून मी तसंच मोजते.

काढणी प्रत्येक वाणाच्या वेळेला करा, एकाच दिवशी नको. दाणा कणसापासून काढून त्याचं टोक बघा. तिथं काळा ठिपका आला की दाण्यात पुढे भर पडत नाही, मग फक्त पाणी कमी होतं. त्याआधी काढलं तर उशिरा येणाऱ्या वाणाचं नुकसान तुमच्या हातून होईल.

बाकी दोन एकरांचं काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर वरच्या मुरमाडात ठेंगणं वाणच ठेवलं असतं. तिथं पाणी टिकत नाही आणि लवकर येणारं वाण त्या जमिनीला सोपं जातं. विहिरीजवळ उंच वाण, खंडात एक पाणी देता येतं म्हणून; वैरणीचे गुंठेही तिथंच, कडेला. आणि पाण्याचा निचरा होईल अशी चर पेरणीआधीच काढून ठेवा. तिन्ही एकर एकाच वाणाखाली घालू नका, ते कितीही आवडतं असलं तरी, आणि ते तुमचं असलं तरी. खंड कोणत्या आठवड्यात पडेल हे जूनमध्ये कुणालाच माहीत नसतं.

घरात पटवायचं कसं, हा तुमचा मूळ प्रश्न. ताई, सुनेनं वही उघडून सासऱ्यांना चोवीसाचे पावणेबावीस करून दाखवले तर हिशोब बरोबर असूनही तो कडू लागतो. मामंजींनी जमिनीत चाळीस-पन्नास पावसाळे काढले असतील. त्यांना विचारा, पट्टे कोणत्या बाजूनं पाडू? कुठं पाणी साचतं, कुठं खडक वर आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि तुमच्या तुलनेला ती माहिती खरोखर हवी आहे. पट्ट्यांचा क्रम भाऊजींना चिठ्ठ्या टाकून ठरवू द्या. त्यांच्या वाणाला गेल्या वर्षी विरळ उगवणीचा फटका बसला आणि यंदा त्याला पूर्ण संधी मिळेल, हे तुम्ही स्वतःहून म्हणा. ते खरंच आहे. आणि निकाल तुमच्या वाणाच्या विरोधात गेला तर तो तसाच वहीत लिहाल, हे पेरणीआधीच सगळ्यांसमोर सांगून टाका.

पोळ्याच्या आसपास तुरे-केसांच्या तारखा लिहून झाल्या असतील. दसऱ्यानंतर खळ्यावर नऊ ढीग घाला, प्रत्येकावर चिठ्ठी ठेवा. तोवर ते कणीस आढ्यालाच असू द्या. त्या दिवशी खाली काढा, त्याच वाणाच्या सलग दहा ताटांच्या कणसांशेजारी ठेवा आणि भाऊजींनाच मोजू द्या. काटा मामंजींच्या हातात द्या. आकडे तेच मोठ्यानं वाचतील, तुम्ही लिहून घ्या.